प्रबंधाची दवंडी

दिवाळी उलटली, भाऊबीज आटोपली, की आमच्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात. मंडई म्हटल्यावर पुण्याच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे भाजीच्या पाट्या येतील. पण झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावची जत्रा, आणि जत्रा म्हणजे रात्रीचे नाटक. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग, हा जो धानाचा, तलावांचा आणि रानाचा मुलूख, त्याला झाडीपट्टी म्हणतात. वैनगंगेच्या बाजूच्या वडशाला, म्हणजे सरकारी कागदावरच्या देसाईगंजला, नाटकमंडळ्यांची कार्यालये आहेत. गावोगावची मंडळी तेथे येऊन नाटक ठरवतात, आणि एकदा का मोसम लागला की रात्रीमागून रात्री पडदे उघडत राहतात. दहा वाजता सुरू झालेले नाटक पहाटे संपते. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे बाकीच्या महाराष्ट्राने मान वळवून आमच्याकडे पाहिले.

पण आज मला सांगायचे आहे ते नाटकाविषयी नाही, त्याच्या पुकाऱ्याविषयी. गाव दोनशे उंबऱ्यांचे का असेना, नाटक ठरले की भोंगा बांधलेली गाडी पंचक्रोशीत फिरू लागते. नाटकाचे नाव, नायिकेचे नाव, विनोदी नटाचे नाव, कथानकातला पिळवटून टाकणारा प्रसंग, सारे काही रस्त्यावर ओरडून सांगितले जाते. शेतात धान कापणारी बाई विळा न थांबवता ते ऐकते आणि कोणत्या रात्री कोणत्या गावी जायचे ते ठरवून टाकते. पूर्वी हेच काम कोतवाल डफ वाजवून करी. दवंडी पिटली, की कोणाला कळले नाही असे म्हणायची सोय उरत नसे.

त्याच तालुक्यात, कदाचित त्याच आठवड्यात, कोणी एक प्राध्यापक किंवा प्राध्यापिका पाच-सहा वर्षांचे काम संपवून आचार्य पदवीच्या तोंडी परीक्षेला उभी राहत असते. तिने याच गावांतून गाणी गोळा केलेली असतात, याच माणसांच्या ओसरीवर बसून चहा घेतलेला असतो. परीक्षा 'खुली' असते. तिची दवंडी म्हणजे काचेच्या फळ्यामागे टाचणीने टोचलेला, टंकलिखित, चार ओळींचा कागद. तो वाचायचा तर आधी त्या इमारतीत शिरावे लागते, आणि तेथे शिरणाऱ्याला तो बहुधा आधीच ठाऊक असतो.

मी स्वतः एम.ए. आहे, वीस वर्षे मराठी शिकवते आहे. नावामागे 'डॉ.' नाही. नातेवाइकांच्या लग्नात "तुमचं कधी?" हा प्रश्न पूर्वी एका अर्थाने विचारला जाई, आता या अर्थाने विचारला जातो. तेव्हा या लिहिण्यात माझा स्वार्थ नाही. असलाच तर थोडा मत्सर असेल, तो वाचकांनी वजा करून घ्यावा. मात्र सहकाऱ्यांच्या तोंडी परीक्षांना हजर राहण्याची मला हौस आहे. जशी कोणाला कीर्तनाची असते, तशी. आणि वर्तमानपत्रांत येणाऱ्या त्यांच्या बातम्यांची कात्रणे मी जमवते.

ही कात्रणे मोठी मनोरंजक असतात. 'अमुक यांना पीएच.डी. जाहीर' हा मथळा. खाली प्रबंधाचे नाव, ते बहुधा चार ओळी लांबीचे आणि शेवटी 'एक चिकित्सक अभ्यास'. मग मार्गदर्शकांचे नाव. मग 'यशाचे श्रेय त्यांनी आईवडील, पती, संस्थाध्यक्ष आणि प्राचार्य यांना दिले'. मग अभिनंदन करणाऱ्यांची यादी. माझ्या फायलीतल्या बोटांवर मोजण्याइतक्या कात्रणांतच, या बाईंना किंवा या गृहस्थांना एवढ्या वर्षांत काय सापडले, हे लिहिलेले आहे. चौकाचौकांत अभिनंदनाचे फलकही लागतात. म्हणजे प्रसिद्धी होत नाही असे नाही. पदवीची होते, प्रबंधाची होत नाही. लग्नाची वरात गावभर काढावी आणि नवरी कोण ते कोणी सांगू नये, त्यातला हा प्रकार.

नियम काय म्हणतो, तेही पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंध दाखल करण्याआधी उमेदवाराने आपले काम सल्लागार समितीपुढे मांडायचे असते, आणि त्या वेळी इतर शिक्षकांना व संशोधकांना बसायला मोकळीक असते. परीक्षकांचे अनुकूल अहवाल आले, की मग जाहीर तोंडी परीक्षा. तीही समितीचे सदस्य, शिक्षक, संशोधक आणि विद्यार्थी यांना खुली. २०१६ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी एक शोधनिबंध छापणे आणि दोन परिषदांत निबंध वाचणे सक्तीचे केले होते. हेतू चांगला होता. पण सक्ती आली की दुकाने येतात. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. २०२२ मध्ये ही सक्ती निघाली. पदवीनंतर प्रबंध गांधीनगरच्या 'शोधगंगा' या संगणकीय भांडारात जातो. तेथे आज लाखांनी प्रबंध आहेत आणि जगात कोणीही ते फुकट वाचू शकतो. ही सोय केवढी मोठी आहे, हे ज्यांनी एकेका प्रबंधासाठी ग्रंथपालांच्या विनवण्या केल्या आहेत त्यांनाच कळेल. तरीही त्या गंगेपर्यंत पोचायला आधी प्रबंधाचे नाव ठाऊक असावे लागते, आणि आमच्या मराठी प्रबंधांची पाने पुष्कळदा नुसती छायाचित्रे असल्याने त्यांतला शब्द शोधू म्हटले तर सापडत नाही.

विद्वत्तेची जाहीर परीक्षा ही आपल्याला पाश्चात्त्यांकडून मिळालेली वस्तू नाही. मिथिलेच्या 'शलाका परीक्षे'ची गोष्ट प्रसिद्ध आहे: पोथीत सुई खुपसायची, आणि ती शेवटी ज्या पानाला टेकेल त्या पानाचा अर्थ विद्यार्थ्याने तेथल्या तेथे सांगायचा. पेशव्यांच्या काळी श्रावणात पुण्याला दक्षिणेसाठी देशोदेशींचे शास्त्री जमत आणि त्यांची परीक्षा होई. पण त्या सभांत ऐकायला कोण बसे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर थांबावे लागे, हेही आपल्याला ठाऊक आहे.

युरोपात ही चाल अजून थाटाने चालते. नेदरलँड्समध्ये पाऊण तास झाला की विद्यापीठाचा चोपदार दंड घेऊन सभागृहात येतो आणि 'वेळ झाली' अशी लॅटिनमध्ये ललकारी देतो; चाललेले वाक्य अर्धे राहिले तरी चालेल. फिनलंडात नव्या डॉक्टरला उंच टोपी मिळते आणि कित्येक विद्याशाखांत तलवारसुद्धा. मला मात्र सर्वांत भावली ती स्वीडनची रीत. माझा भाचा उपसाला येथे शिकत होता. तेथे परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधी प्रबंधाची छापील प्रत हातोड्याने खिळा मारून फळ्यावर ठोकतात. होय, खरोखरीचा खिळा आणि खरोखरीचा हातोडा! हल्ली संगणकावरही जाहीर करतात, पण खिळा सुटलेला नाही. मतलब एवढाच, की ज्याला वाचायचे आहे त्याने वाचावे, चुका काढाव्यात आणि त्या दिवशी येऊन विचारावे. बाहेरून बोलावलेला एक विद्वान 'प्रतिपक्षी' म्हणून उमेदवाराशी दोन-दोन तास वाद घालतो, आणि शेवटी सभेतल्या कोणालाही प्रश्न विचारता येतो. माझी बहीण नागपूरहून या समारंभाला गेली होती. विषय रसायनशास्त्राचा, त्यामुळे तिला त्यातले ओ की ठो कळले नाही. परंतु परतल्यावर ती म्हणाली, "अगं, अध्यक्षांनी सगळ्यांकडे पाहून विचारलं, कोणाला काही विचारायचंय का? माझ्याकडेसुद्धा पाहिलं!" दोन वर्षे झाली, हे 'माझ्याकडेसुद्धा' ती अजून सांगते.

आणि प्रबंध छापून लोकांपुढे ठेवल्याखेरीज पदवीच नाही, असाही नियम जगात होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्याचा अनुभव आला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काम केलेल्या या विद्यार्थ्याला पीएच.डी. रीतसर मिळाली ती १९२७ साली. कारण छापील प्रती दाखल व्हाव्या लागत, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकांनी छापला तो १९२५ मध्ये. त्याआधी लंडन विद्यापीठाच्या डी.एस्‌सी.साठी लिहिलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला परीक्षकांनी हरकती घेतल्या होत्या. तो त्यांनी दुरुस्त करून पुन्हा पाठवला, १९२३ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी पुस्तकही निघाले. पुढे १९२५ मध्ये हिंदुस्थानच्या चलनाची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. अशा रीतीने प्रबंध कपाटाबाहेर आला. आमच्या चंद्रपूरकरांना या माणसाचे विशेष अप्रूप आहे. नागपूरच्या धर्मांतरानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेब चांद्याला आले आणि येथे त्यांनी हजारोंना दीक्षा दिली. आजही त्या तारखेला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर माणसांचा पूर लोटतो, आणि त्या गर्दीत पुस्तकांची दुकाने असतात. भाकरीचे गाठोडे काखेत घेऊन आलेली बाई तेथे पुस्तक विकत घेते. सामान्य माणसाला संशोधनाचे काय, असे म्हणणाऱ्यांनी एकदा तेथे येऊन उभे राहावे.

इरावतीबाई कर्व्यांचीही एक हकीकत आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला त्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली प्रबंध लिहीत होत्या. वंशावंशांत उच्चनीच भेद मानणारे हे गुरुजी. आणि विद्यार्थिनीने कवट्यांची मापे घेऊन दाखवून दिले, की कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंतला फरक वंशाप्रमाणे बदलत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्यांच्या हाती पदवी त्यांच्याच मताविरुद्ध! 'युगान्त' घरोघरी वाचणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट किती घरांत ठाऊक होती?

आता आमच्या रानाकडे वळते. गडचिरोली हा जिल्हा चंद्रपुरातून वेगळा निघाला तो १९८२ साली, आणि गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आले ते २०११ साली. तोवर दोन्ही जिल्ह्यांचे विद्यापीठ नागपूरचेच. सिरोंच्याच्या माणसाला नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर. तोंडी परीक्षा ऐकायला तो काय जाणार? परीक्षा जवळ आली आहे, हेही थोडे झाले नाही.

संशोधन येथून जगात गेलेच नाही असे मात्र कोणी समजू नये. डॉ. अभय व राणी बंग यांनी येथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये तो लेख लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये आला, तेव्हा खेड्यातल्या बायकांची मुकाट सोसलेली दुखणी पहिल्यांदा जगाच्या कानी पडली. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोगही त्याच पत्रात छापून आला. तो ३९ गावांत झाला, आणि त्यात घरोघर जाऊन बाळे पाहणाऱ्या होत्या गावातल्याच स्त्रिया. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात तर 'अभ्यासगट' नावाची रीतच आहे: प्रश्न आला की माहीतगार माणसाला बोलवायचे, समोर बसवायचे, हवे ते विचारायचे आणि मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने ठरवायचे. खुली तोंडी परीक्षा याहून वेगळी काय असते?

माझ्या एका सहकारी बाईंची गोष्ट सांगितल्यावाचून माझे म्हणणे नीट कळायचे नाही. त्या मूळच्या पश्चिम विदर्भातल्या. लग्नानंतर इकडे आल्या, आणि रोवणीच्या गाण्यांनी त्यांना वेड लावले. रोवणी म्हणजे धानाची लावणी. आषाढ-श्रावणात चिखल केलेल्या बांधीत बायका ओळीने वाकतात, हातात पऱ्ह्यांची जुडी, आणि रोवत रोवत मागे सरकतात. पाऊस वरून, पाणी खालून. कंबर मोडू नये म्हणून म्हणा, गाणे असते. एक म्हणते, बाकीच्या मागून ओढतात. आताशा तरुण मुलींच्या रोवणीला फोनवरचे गाणे असते, म्हणून बाईंना घाई होती. वैनगंगेच्या अलीकडे आरमोरीकडची आणि पलीकडे ब्रह्मपुरीकडची गावे त्या सहा पावसाळे हिंडल्या.

प्रबंध लिहून झाला. समितीपुढे मांडणी व्हायला दोन महिने होते. मी सुचवले, आधी गावात सांगा. त्या म्हणाल्या, "प्रबंध कोण ऐकणार?" मी म्हटले, पहाटेपर्यंत नाटक पाहणाऱ्या माणसांना तुमची पंधरा मिनिटे जड नाहीत. बचतगटाच्या बायकांनी निरोप फिरवला, एका मुलाने भोंग्याची सोय केली, आणि एका रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात तिसेक बायका जमल्या. काही पुरुषही आले, ते दाराशी उभे राहिले. बाईंनी 'आकृतिबंध' आणि 'संरचना' हे दोन शब्द घरी ठेवून आणले होते. त्यांनी ध्वनिमुद्रणे ऐकवली आणि प्रत्येक गाण्याविषयी आपल्याला काय वाटते ते सांगितले.

एका गाण्याच्या शेवटी एक नाव येते, आणि त्याआधी 'पार' फुटल्याचा उल्लेख आहे. बाईंनी त्या नावाची लोकदेवता ठरवली होती. 'पार' म्हणजे पैलतीर, संसाराचा पैलतीर, असा अर्थ लावून त्या अज्ञात देवतेवर सहा पाने लिहिली होती. पाने सुरेख होती, मी वाचली होती. मार्गदर्शकांनी समासात 'उत्तम' असे लिहिले होते.

मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली. "हा देवीचा नाव नाही जी," ती म्हणाली, "हा त माह्या मावसीचा नाव होय."

सभा खो खो हसली. मग हळूहळू सारा उलगडा झाला. झाडीबोलीत 'ळ' नाही. डोळ्याचा डोरा होतो, काळ्याचा कारा. तशी तलावाची पाळ ही 'पार'. एका वर्षी अतिवृष्टीने गावतलावाची पाळ फुटली, रोवलेले सारे धान वाहून गेले, दुसऱ्यांदा रोवणी करावी लागली. त्या दुबार रोवणीत मावशीने हे गाणे रचले आणि शेवटी आपले नाव घातले. अध्यात्म कुठे नव्हतेच. होते ते पाणी, गेलेले बियाणे आणि एका बाईचा संताप. हे ऐकल्यावर मी ते गाणे पुन्हा ऐकले. ते मला आधीपेक्षा कितीतरी मोठे वाटले.

परतताना बाई गाडीत एक अक्षर बोलल्या नाहीत. समितीची तारीख तोंडावर आणि सहा पाने पाण्यात, तीही फुटलेल्या तलावाच्या! मला वाटले, माझ्यावर रागावल्या. रात्री अकरा वाजता त्यांचा फोन आला: "अहो, तलाव कोणत्या साली फुटला ते तहसिलीत मिळेल का?"

तहसिलीत मिळाले नाही. पण त्या ओढीने त्यांनी नदीपलीकडची आपली जुनी ध्वनिमुद्रणे पुन्हा काढली. पलीकडच्या गावांत तेच गाणे होते, पाळही फुटत होती, पण शेवटचे नाव गळाले होते. अलीकडे त्या मावशीच्या माहेरी आणि सासरी नाव शाबूत. दूर जाऊ तसतसे पुसट. नदी ओलांडली की नाहीसे. गाण्याचा कर्ता कसा हरवतो आणि ते 'पारंपरिक' कसे होते, याचा नकाशाच त्यांच्या हाती आला. सहा पानांच्या जागी अठरा पाने झाली. आणि हे सारे घडले ते प्रबंध दाखल होण्यापूर्वी. दवंडी पदवीनंतर पिटली असती, तर ती म्हातारी हसली असती आणि प्रबंध शोधगंगेत देवीची पूजा करीत कायमचा बसला असता. म्हणून माझे म्हणणे आहे, की लोकांना सांगायचे ते कच्च्या प्रतीवर सांगावे.

वाचकांच्या लक्षात आले असेल, मावशीचे नाव मी दिलेले नाही. प्रबंधात ते आहे, कारण तिच्या घरच्यांनी तसे सांगितले. ती संमती प्रबंधापुरती होती; दिवाळी अंकासाठी मी ती घेतलेली नाही. नावांचा हा प्रश्न आमच्याकडे मोठा नाजूक आहे. त्या संध्याकाळी बायकांनी बाईंना विचारले, "आमचे नाव कुटं आहेत?" प्रबंधात त्या 'निवेदक क्रमांक १४', 'निवेदक क्रमांक २२' अशा होत्या. बाईंनी क्रमांक काढले आणि नावे घातली. पण दक्षिणेकडे एटापल्ली-भामरागडच्या बाजूला माडिया कथा गोळा करणारे माझे दुसरे एक सहकारी आहेत, त्यांनी क्रमांकच ठेवले, आणि योग्य केले. बंदुकांच्या दोन बाजूंमध्ये ज्या गावांनी दशके काढली, तेथे अनोळखी माणसाशी कोण काय बोलले हे छापून येणे कोणाला महागात पडेल, ते सांगता येत नाही. औषधी वनस्पतींचेही तसेच. वैदूने विश्वासाने सांगितलेले मूळ शोधगंगेत गेले की ते साऱ्या जगाचे झाले. २००२ चा जैवविविधता कायदा आहे, गावच्या नोंदवह्या आहेत. पण आधी त्या वैदूला विचारायला काय हरकत आहे? दवंडी पिटणाऱ्या कोतवालालाही काय ओरडायचे ते आधी विचारून घ्यावे लागे.

तोंडी परीक्षा फाल्गुनात झाली. बाईंनी गावाला कळवले होते, पण कोणी येईल असे त्यांना वाटले नव्हते. दहाच्या सुमारास काळीपिवळी जीप फाटकाशी उभी राहिली आणि तीतून अकरा बायका उतरल्या, ठेवणीतली लुगडी नेसून. पहारेकऱ्याने विचारले, "कोणाच्या नातेवाईक?" म्हातारी म्हणाली, "गान्याच्या." त्याने सोडले.

नियमांच्या यादीत शिक्षक आहेत, संशोधक आहेत, विद्यार्थी आहेत. गाणे म्हणणारी बाई नाही. ती येऊ नये असेही म्हटलेले नाही. अध्यक्षांनी क्षणभर पाहिले आणि खुर्च्या मागवल्या.

बाहेरगावचे परीक्षक वयस्क, करारी, आणि प्रबंध शब्द न् शब्द वाचून आलेले. (असे परीक्षक मिळणे हे भाग्य. काही ठिकाणी जेवणाच्या ताटाचा सुगंध येताच प्रश्न संपतात. कुठे, ते विचारू नका.) त्यांनी नेमके मर्मावर बोट ठेवले. लोकगीताला कर्ता नसतो, हे शास्त्र आपण शिकवतो. तुम्ही एका बाईला कर्ती ठरवता. नुसत्या एका म्हातारीच्या सांगण्यावर? कुटुंबाचा अभिमानही असू शकेल. बाईंचा आवाज पहिल्या वाक्याला कापला, मग सरळ झाला. त्यांनी नकाशा लावला, गावागावांतली रूपे ऐकवली, नाव कोठे गळते ते दाखवले. पाळ फुटल्याचे ज्यांना आठवते अशा तीन घरांच्या हकीकती सांगितल्या. आणि जेवढे सिद्ध होत नाही तेवढे होत नाही, हेही सांगितले: चाल मावशीची नव्हे, ती जुनीच होती; शब्द तिचे.

परीक्षकांचे समाधान पुरते झालेले दिसेना. त्यांनी चष्मा काढला, मागच्या रांगेकडे पाहिले आणि म्हातारीलाच विचारले, "आजी, तुमच्या मावशींनी हे रचताना तुम्ही पाहिलंत?"

"पाहाले कायले पायजे जी?" ती बसल्या जागेवरून म्हणाली. "ती म्हने, मांगून मीच त ओढत होती."

परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतले. पुढे अर्धा तास छंदावर चर्चा झाली, ती बायकांना कळली नसावी. पण ध्वनिमुद्रण लागले की त्यांचे ओठ हलत. शेवटी पदवीची शिफारस जाहीर झाली. शाल आणि नारळ आणलेलाच होता. बाईंनी नारळ तेथेच फोडून अकराजणींत वाटला.

त्या दिवसाच्या इतिवृत्तात म्हातारीच्या उत्तराची नोंद नाही. सभेतल्या श्रोत्यांचे बोलणे लिहायला त्या छापील नमुन्यात रकानाच नसतो. वर्तमानपत्राला बातमी मी लिहून दिली होती, सापडले काय ते दोन सोप्या वाक्यांत घालून. छापताना नेमकी तीच दोन वाक्ये गळाली. जागा नव्हती म्हणे. अभिनंदन करणाऱ्यांची नावे मात्र तेरा होती, मी मोजली.

तरी गावात काम थांबलेले नाही. त्या बायकांच्या सांगण्यावरून बाईंनी गाण्यांची एक लहान पुस्तिका काढली, मोठ्या अक्षरांत, झाडीबोलीतच, 'ळ'च्या जागी 'र' तसाच ठेवून. शाळेतल्या मुली ती आज्यांना वाचून दाखवतात आणि आज्या चुका काढतात. दुसऱ्या आवृत्तीला बराच मजकूर जमला आहे.

यंदा आणखी एका सहकाऱ्यांची पाळी आहे. विषय झाडीपट्टीच्या नाटकांतली संवादभाषा. कच्च्या प्रतीचे वाचन वडशाला नटमंडळींपुढे झाले, आणि तेथे ज्या दुरुस्त्या निघाल्या त्या येथे लिहिण्याजोग्या नाहीत. तोंडी परीक्षेची तारीख अजून ठरायची आहे. संबंधित कचेरीला आम्ही मिळून एक अर्ज दिला आहे: धान चुरून झाल्याखेरीज तारीख धरू नये, आणि जवळपासच्या शंकरपटाच्या दिवशी तर मुळीच नको, कोणी येणार नाही.